योगायोग नाकारल्यावर

लंडनमध्ये बाप्तिस्मा झालेल्या मुलामुलींचे आकडे १६२९ सालापासून वर्षागणिक उपलब्ध होते. पहिल्या वर्षी ५,२१८ मुलगे आणि ४,६८३ मुली. पुढच्या वर्षी मुलगेच जास्त, त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. मध्यंतरी यादवी युद्ध झालं, राजाचा शिरच्छेद झाला, १६६५ मध्ये प्लेगने शहर ओस पडलं आणि लगेच दुसऱ्या वर्षी आगीत त्याचा मोठा भाग जळाला. तरी १७१० पर्यंतच्या सलग ८२ वर्षांत मुलींचा आकडा एकदाही मुलग्यांच्या वर गेला नाही. राणी ॲनचे वैद्य जॉन आर्बथनॉट यांनी हे आकडे पुढ्यात घेतले आणि एक साधा प्रश्न विचारला. मुलगा की मुलगी हे नाणेफेकीसारखं ठरत असेल, तर ८२ वर्षं ओळीने एकाच बाजूचं पारडं जड राहण्याची शक्यता किती?

गणित सोपं होतं. एक द्वितीयांशाला त्यानेच गुणत जायचं, असे ८२ एकद्वितीयांश. उत्तर येतं ते असं: ४८ वर तेवीस शून्यं ठेवली की जो आकडा होईल, जवळपास तितक्या वेळांत एकदा. म्हणजे योगायोगाची शक्यता मोडीत निघाली. मग हे कोणी घडवलं? आर्बथनॉट यांचं उत्तर त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच होतं. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेला तो निबंध ईश्वरी योजनेच्या बाजूने केलेला युक्तिवाद होता. पोटापाण्यासाठी पुरुष घराबाहेर पडतात, संकटांना तोंड देतात आणि जास्त मरतात; म्हणून दयाळू ईश्वर आधीच थोडे जास्त मुलगे जन्माला घालतो, जेणेकरून प्रत्येक स्त्रीला तिच्या वयाचा जोडीदार मिळावा. एवढ्यावर न थांबता, बहुपत्नीत्व निसर्गनियमाच्या विरुद्ध आहे असंही अनुमान त्यांनी त्याच आकड्यांतून काढलं.

संख्याशास्त्राचा इतिहास लिहिणारे सार्थकता-चाचणीचं, म्हणजे निकाल निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासण्याच्या रीतीचं, पहिलं ज्ञात उदाहरण म्हणून या निबंधाकडे बोट दाखवतात. आज एम.ए. मानसशास्त्राच्या वर्गात संख्याशास्त्राचा पेपर म्हटला की अनेकांच्या पोटात गोळा येतो. ‘जे दिसतं तो निव्वळ योगायोग’ हे गृहीतक म्हणजे पुस्तकात शून्य परिकल्पना, बोलण्यात नल हायपोथिसिस. एसपीएसएस या संगणक-आज्ञावलीच्या पडद्यावर ०.०५ पेक्षा लहान आकडा दिसला की ‘नल रिजेक्ट झाली’ म्हणून सुटकेचा निःश्वास. ईश्वराचं अस्तित्व सिद्ध करायला निघालेल्या एका वैद्याने हीच वाट पहिल्यांदा चालून दाखवली होती, हे त्या वर्गात क्वचितच कोणी सांगतं. सांगायला हवं, कारण त्या पहिल्या चाचणीत जो तात्त्विक प्रश्न उभा राहिला तो आजही प्रत्येक प्रबंधाच्या निष्कर्षाच्या प्रकरणात दडलेला असतो. योगायोग नाकारला, मान्य. पण त्याच्या रिकाम्या जागेवर कोणाला बसवायचं, हे ठरवण्याचा अधिकार चाचणीने दिला आहे का?

पहिली हरकत लगेच आली, आणि ती घेणारा नास्तिक नव्हता. निकोलस बर्नुली या स्विस गणितज्ञाने दाखवून दिलं की आर्बथनॉट यांनी योगायोग नाकारलेला नाही. त्यांनी फक्त समसमान योगायोग नाकारला आहे. समजा पस्तीस बाजूंचा एक फासा आहे, त्याच्या अठरा बाजू मुलग्याच्या आणि सतरा मुलीच्या. असा फासा वर्षाला हजारो वेळा टाकत राहिलं तर दरवर्षी मुलगेच थोडे जास्त निघणं यात नवल काही राहत नाही. इतकंच नाही, तर वर्षावर्षांमधले लहानमोठे चढउतारही अशा फाशाकडून अपेक्षित असतात तसेच निघतात. नाणं टाकून द्या, फासा घ्या. ईश्वराला मध्ये आणायची गरज उरत नाही.

यावर गणितज्ञ अब्राहम द मॉयव्हर यांचं प्रत्युत्तर तितकंच भक्कम होतं. फाशाच्या अठरा बाजू मुलग्याच्या असाव्यात हे तरी कोणी ठरवलं? जगात इतकी स्थिर गुणोत्तरं आहेत हेच त्यांच्या मते योजनेचं लक्षण. वाद इथे एक पायरी वर सरकला. पण पायरी बदलल्यावर आकड्यांची मदत संपली, हे दोघांपैकी कोणाच्याही बाजूला असलेल्या वाचकाने लक्षात घ्यायला हवं. ८२ वर्षांच्या नोंदी ‘निम्मे-निम्मे’ आणि ‘अठरा-सतरा’ यांच्यात निवाडा करू शकतात. अठरा-सतरा हे प्रमाण कोणाच्या मनातून आलं, याविषयी त्या नोंदींत एक अक्षरही नाही.

ते प्रमाण कुठून आलं याचं प्रसिद्ध उत्तर यायला दोनशे वीस वर्षं लागली आणि ते ज्यांनी दिलं त्यांचं नाव मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतं. रोनाल्ड फिशर. सार्थकता-चाचणीला आजचं रूप देणारे आणि ०.०५ ही रेघ १९२५ च्या पुस्तकातून रूढ करणारे तेच. १९३० मध्ये आलेल्या त्यांच्या नैसर्गिक निवडीवरच्या ग्रंथात मुलगे-मुलींच्या प्रमाणाचं स्पष्टीकरण आहे. एखाद्या समूहात मुली कमी झाल्या, तर मुलींना जन्म देणाऱ्या आईबापांच्या वाट्याला सरासरीने जास्त नातवंडं येतात. त्यामुळे मुली जन्माला घालण्याची प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते आणि पारडं पुन्हा सावरतं. उलट झालं तरी तेच. वाढीच्या वयात मुलगे जास्त दगावत असतील, तर जन्मावेळी ते किंचित जास्त असणं हेही याच हिशोबात बसतं. आर्बथनॉट यांनी निरीक्षण अचूक केलं होतं, भरपाईची कल्पनाही जवळपास बरोबर होती. फक्त भरपाई करणारा हात त्यांना आकाशात दिसला होता. फिशर स्वतः जन्मभर अँग्लिकन ख्रिस्ती राहिले. या स्पष्टीकरणामुळे त्यांची श्रद्धा ढळल्याचं दिसत नाही, आणि ढळायचं कारणही नव्हतं. चाचणीने त्या श्रद्धेला ना टेकू दिला होता ना धक्का.

मुलगे जास्त, योगायोग नव्हे, मग कोणाची योजना? हा प्रश्न महाराष्ट्रात अगदी अलीकडे पुन्हा विचारावा लागला आणि त्याचं उत्तर भयंकर निघालं. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात राज्यात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. बीड जिल्ह्यात २०११ चा आकडा ८०७ होता. इथेही पहिली गोष्ट बर्नुलींचीच आठवावी लागते. हजारास हजार ही अपेक्षाच चुकीची ठरली असती, कारण निसर्गतः शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजारामागे सुमारे ९५० मुली. शून्य परिकल्पना तिथे मांडायला हवी. आणि तिथे मांडूनही बीडचा आकडा लाखो मुलांच्या नोंदीत इतका खाली होता की योगायोगाला जागाच उरली नाही.

ही योजना माणसांची होती. सोनोग्राफीचं यंत्र, पैसे घेऊन लिंग सांगणारा डॉक्टर, वंशाच्या दिव्याचा हट्ट धरणारं घर. पण हे आकड्यांनी सांगितलं नाही, आकड्यांनी फक्त दार ठोठावलं. पुढचं काम सोनोग्राफीच्या नोंदींचे एफ फॉर्म तपासणाऱ्यांनी, बनावट रुग्ण बनून दवाखान्यात गेलेल्या बायकांनी आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्यांनी केलं. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, या आकड्यांच्या कितीतरी आधी, १९८८ मध्ये. तो कायदा अशाच लोकांच्या चळवळीतून आला.

आणि इथेच चाचणीची दुसरी मर्यादा दिसते, जी विद्यार्थी पाठ करतात पण जिचं वजन त्यांना क्वचित जाणवतं. एखाद्या छोट्या गावात वर्षाला वीस बाळं जन्मली, तेरा मुलगे आणि सात मुली. काही गैर घडलं का? नैसर्गिक प्रमाण धरूनही असा किंवा याहून झुकलेला निकाल साधारण सहा-सात वेळांत एकदा निव्वळ योगायोगाने येतोच. पाच टक्क्यांच्या कसोटीवर शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. पण नाकारता आली नाही म्हणजे गाव निर्दोष ठरलं असं नाही. वीस जन्मांच्या पुराव्यात तेवढी ताकदच नाही. प्रबंधात ‘फरक सार्थक आढळला नाही’ याचं ‘फरक नाही’ असं भाषांतर सर्रास होतं. या गावाच्या संदर्भात ते भाषांतर किती महाग पडेल, हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे काय हे कायमचं कळतं.

आता एसपीएसएसच्या पडद्यावरच्या त्या बदनाम आकड्याकडे, पी-मूल्याकडे, वळायला हरकत नाही. शून्य परिकल्पना खरी आहे असं धरून चाललं, तर हाती आलेल्या निकालाइतका किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता म्हणजे पी. बस, एवढंच. शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता म्हणजे पी नव्हे, आणि संशोधकाची लाडकी परिकल्पना खरी असण्याची शक्यता म्हणजे एक वजा पी, असं तर मुळीच नव्हे. पीची व्याख्या परिकल्पनेकडून पुराव्याकडे जाते. माणसाला उलटा प्रवास हवा असतो, पुराव्याकडून सत्याकडे. त्या उलट्या प्रवासाला आणखी एक गोष्ट लागते: पुरावा बघण्याआधी ती परिकल्पना कितपत संभवनीय होती याचा अंदाज.

हा हिशोब ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते टॉमस बेझ ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये रिचर्ड प्राइस यांनी रॉयल सोसायटीपुढे आणला. प्राइसही धर्मोपदेशकच, आणि चमत्कारांच्या साक्षीवर विश्वास का ठेवू नये याविषयी तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी जे लिहिलं होतं त्याला उत्तर देताना त्यांनी हीच विचारपद्धत वापरली. विसाव्या शतकात केंब्रिजमध्ये हॅरोल्ड जेफ्रीज यांनी फिशरपंथाला आव्हान देत ही परंपरा पुढे नेली. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राच्या विभागाची पायाभरणी करणारे कोल्हापूरचे व. शं. हुजूरबाजार हे याच जेफ्रीज यांचे विद्यार्थी. म्हणजे मराठी मुलखात हे शास्त्र आलं तेव्हा त्याच्यासोबत त्याच्यातला मूळ वादही आला होता.

त्या वादाचं महत्त्व २०११ मध्ये मानसशास्त्राला फार कडू पद्धतीने कळलं. कॉर्नेल विद्यापीठातले नामवंत मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी नऊ प्रयोगांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. हजाराहून जास्त विद्यार्थी त्यांत सहभागी झाले होते. एका प्रयोगात पडद्यावर दोन झाकलेल्या चौकटी दिसत. एकीमागे चित्र आहे, दुसरीमागे नाही. चित्र कुठे असेल ते सहभागी विद्यार्थ्याने सांगायचं. संगणक चित्राची जागा ठरवत असे ती मात्र विद्यार्थ्याने उत्तर दिल्यानंतर. शृंगारिक चित्रांच्या बाबतीत ५३.१ टक्के उत्तरं बरोबर आली. योगायोगाने ५० यायला हवी होती. नऊपैकी आठ प्रयोगांत निकाल सार्थक ठरला. रूढ नियमांनुसार याचा अर्थ एकच: माणसाला भविष्याची चाहूल लागते.

हा निबंध कुठल्या गूढवाद्यांच्या पत्रिकेत नव्हे, तर सामाजिक मानसशास्त्रातल्या सर्वांत प्रतिष्ठित नियतकालिकात छापला गेला. परीक्षकांना पद्धतीत नियमबाह्य असं काही सापडलं नव्हतं, आणि अस्वस्थ करणारी गोष्ट नेमकी तीच. भविष्यज्ञान स्वीकारायचं नसेल, तर ज्या रीतीने ते सिद्ध झालं त्या रीतीवरच शंका घ्यावी लागणार. आणि त्या रीतीनेच तर मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली निम्मी प्रकरणं उभी होती. पुढच्या वर्षी संशोधक गॅलक आणि सहकाऱ्यांनी ३,२८९ जणांवर सात प्रयोग केले. भविष्याची चाहूल कोणालाही लागली नाही.

त्याच २०११ मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोन या संशोधकांनी मुद्दाम एक अशक्य निष्कर्ष काढून दाखवला: बीटल्सचं एक विशिष्ट गाणं ऐकल्याने माणसाचं वय खरोखर दीड वर्षाने कमी होतं. आकडे खरे होते. युक्ती एवढीच की अनेक गोष्टी मोजायच्या, जुळेल ती ठेवायची, निकाल सार्थक दिसेपर्यंत माणसं वाढवत जायचं आणि वगळलेल्या गोष्टींचा उल्लेख टाळायचा. यात कोणी खोटे आकडे लिहीत नाही, म्हणूनच हे सगळं करणारा माणूस स्वतःला प्रामाणिक समजू शकतो. २०१५ मध्ये शंभर मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा मोठा सामूहिक प्रकल्प पुरा झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते; पुन्हा केल्यावर ३६ टक्के.

हे असं का व्हावं, याचा हिशोब वहीत मांडून पाहता येतो. समजा मानसशास्त्रज्ञांनी हजार नव्या कल्पना तपासल्या आणि त्यांतल्या फक्त शंभर खऱ्या आहेत. नमुने लहान असल्यामुळे खऱ्या शंभरांपैकी पन्नासच पकडल्या गेल्या. उरलेल्या नऊशे खोट्या कल्पनांपैकी पाच टक्के, म्हणजे पंचेचाळीस, निव्वळ योगायोगाने रेघ ओलांडून गेल्या. म्हणजे ‘नल रिजेक्ट’ झालेले पंचाण्णव निकाल हाती आले आणि त्यांतले जवळपास निम्मे खोटे. कोणी लबाडी केली नाही, प्रत्येकाने पाच टक्क्यांचा नियम पाळला, तरीही.

यावरून चाचणीच टाकाऊ आहे असं मानणं मात्र मोठी चूक ठरेल. नीट वापरली तर ती किती स्वच्छ काम करते हे पुण्यातल्या एका प्रयोगाने दाखवलं आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. शंभर हुशार शाळकरी मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवायच्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढंच त्याने सांगायचं. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांची सरासरी पन्नास टक्क्यांच्या खालीच राहिली. ज्याचं सर्वांत चांगलं जमलं त्याची चाळीसपैकी २४ उत्तरं बरोबर होती.

या २४ वर थोडं थांबायला हवं. एकट्या त्या ज्योतिषाची मुलाखत कोणी छापली असती तर साठ टक्के यशाचा मथळा सहज झाला असता. पण नाणेफेक करूनही चाळीसपैकी २४ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. सत्तावीस जणांनी नुसती नाणी उडवली असती, तरी त्यांतले तीन-चार जण तिथवर पोचले असते. पाच टक्क्यांची रेघ २६ वर होती. तिथे कोणीच पोचलं नाही. प्रश्न आधी ठरला होता, यश कशाला म्हणायचं हे आधी ठरलं होतं, आणि ज्याचा दावा तपासायचा त्यालाच दावा सिद्ध करायची पूर्ण संधी दिली होती. ग्रहताऱ्यांचा माणसाच्या आयुष्याशी काहीही संबंध नाही असं या प्रयोगाने सिद्ध झालं का? नाही. कुंडलीवरून बुद्धिमत्ता ओळखता येते, हा एक ठरावीक दावा इथे तपासला गेला आणि त्याला आधार मिळाला नाही. संयोजकांची शिस्त अशी की त्यांनी तपासता येईल एवढाच दावा निवडला.

फिशर यांचं चहाचं प्रसिद्ध उदाहरणही याच शिस्तीचं. दूध आधी घातलं की चहा आधी, हे चवीवरून ओळखता येतं असं रोथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रातल्या म्युरिएल ब्रिस्टल म्हणत. आठ कप, चार अशा रीतीने केलेले आणि चार तशा. चार कप निवडायच्या ७० रीती होतात. सगळे बरोबर ओळखले तर योगायोगाची शक्यता सत्तरात एक. एक जरी कप चुकला तरी ती एकदम २४ टक्क्यांवर जाते. चुकलेल्या कपाला कितपत माफी द्यायची हे पहिला घोट घेण्याआधी ठरवायचं असतं. त्यानंतर ठरवलं तर गणित तेच राहतं, पण त्याला अर्थ उरत नाही.

श्रद्धेच्या प्रांतात ही शिस्त किती कठीण जाते, ते प्रार्थनेवरच्या प्रयोगांत दिसतं. रँडॉल्फ बर्ड या हृदयरोगतज्ज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयातल्या ३९३ रुग्णांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून एका गटासाठी रुग्णालयाबाहेरच्या श्रद्धावान ख्रिस्ती मंडळींनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही. दोन डझनांहून जास्त गोष्टी मोजल्या; त्यांपैकी सहांत प्रार्थनेच्या गटाची स्थिती सार्थकपणे बरी निघाली. ही बातमी जगभरच्या प्रवचनांत पोचली. पण इतक्या गोष्टी मोजल्यावर एखाद-दुसरी योगायोगानेच रेघ ओलांडणार हे अपेक्षित असतं. शिवाय हृदयविकारातल्या अनेक गुंतागुंती एकमेकींचा हात धरून येतात, त्यामुळे सहा म्हणजे सहा स्वतंत्र पुरावे नव्हेत.

म्हणून संशोधक हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी फार काळजीपूर्वक मोठा प्रयोग आखला. २००६ मध्ये त्याचे निकाल आले. सहा रुग्णालयं, बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी कदाचित प्रार्थना होईल, कदाचित होणार नाही. प्रत्यक्षात पहिल्यासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला प्रार्थना होणार हे नक्की सांगितलं आणि ती झाली. प्रार्थना करणारे तीन ख्रिस्ती गट होते, त्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर तेवढं कळवलं जाई. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस प्रार्थना. मोजायचं काय तेही आधी ठरलेलं: तीस दिवसांत काही गुंतागुंत झाली का? पहिल्या गटात ५२ टक्क्यांना झाली, दुसऱ्यात ५१. फरक नगण्य. तिसऱ्या गटात मात्र ५९ टक्के. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांना त्रास जास्त झाला, आणि हा फरक सार्थक होता.

आता आर्बथनॉट यांची रीत इथे लावून पाहावी. योगायोग नाकारला गेला आहे. मग ईश्वराने प्रार्थनेला उलटं उत्तर दिलं असं म्हणायचं का? तसं अगदी कट्टर नास्तिकही म्हणणार नाही. ‘माझी तब्येत इतकी बिघडली आहे का, की अनोळखी लोकांना माझ्यासाठी देवाचा धावा करावा लागतो?’ अशी धास्ती रुग्णांनी घेतली असेल, असं एक स्पष्टीकरण पुढे आलं. ते पटण्यासारखं आहे, पण तेही त्या आकड्यांनी सिद्ध केलेलं नाही. निकाल नको तसा आला की माणसं पर्यायी स्पष्टीकरणं किती तत्परतेने शोधतात हे इथे स्वच्छ दिसतं. हवा तसा निकाल आला असता, तर किती जणांनी तेवढाच शोध घेतला असता?

धर्मशास्त्राच्या अनेक अभ्यासकांचा आक्षेप वेगळा आणि जास्त खोल होता. ईश्वराची परीक्षा पाहू नये, असं बायबलच बजावतं. जो सर्वज्ञ आहे तो चिठ्ठ्या टाकून केलेल्या गटांप्रमाणे कृपा वाटेल ही अपेक्षाच भाबडी. हा आक्षेप आदराने ऐकायला हवा. मात्र तो मान्य केला तर त्याची किंमतही मोजावी लागते: बर्ड यांचे ३९३ रुग्ण प्रवचनात आणता येणार नाहीत, लंडनच्या ८२ वर्षांच्या नोंदीही नाहीत. निकाल अनुकूल असेल तेव्हा ईश्वर मोजमापात येतो आणि प्रतिकूल असेल तेव्हा मोजमापापलीकडे जातो, अशी सोय कोणत्याही प्रामाणिक भक्ताला स्वतःलाच रुचणार नाही.

मराठी वाचकाला सकाम आणि निष्काम भक्तीतला भेद नव्याने सांगायला नको. काही मागायचं नाही, नुसतं नाम घ्यायचं, या वाटेने जाणाऱ्या माणसासाठी बेन्सन यांच्या प्रयोगात तपासण्याजोगं काहीच नाही. त्याने जगातल्या कोणत्याही घटनेविषयी दावा केलेला नाही, त्यामुळे त्याच्यापुढे मांडायला शून्य परिकल्पनाही नाही. सकाम प्रार्थना मात्र मागते, आणि जे मागते ते जगात घडतं असं मानते. तिथे विचारणं रास्त आहे.

फक्त नेमकं काय विचारलं गेलं, ते पूर्ण वाक्यात लिहावं लागतं. बेन्सन यांच्या दुसऱ्या गटातल्या ५९७ रुग्णांसाठी त्यांच्या आईने, नवऱ्याने, शेजाऱ्यांनी प्रार्थना केली नसेल असं नाही. ती थांबवायला संशोधकांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तसं सांगण्याचा अधिकारही कोणाला नव्हता. तेव्हा जी शून्य परिकल्पना नाकारता आली नाही ती अशी: बायपास होणाऱ्या रुग्णासाठी घरच्यांच्या प्रार्थनांच्या जोडीला, तीन ख्रिस्ती गटांतल्या अनोळखी माणसांनी चौदा दिवस, त्याचं पहिलं नाव घेऊन आणखी प्रार्थना केली, आणि तसं होईल की नाही हे त्याला नक्की ठाऊक नसलं, तर तीस दिवसांतल्या गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक पडत नाही.